पाटी 'पिण्याच्या पाण्या'ची, जबाबदारी कुणाची?

विद्यापीठाच्या कोणत्याही इमारतीत जा. जिन्याखाली नाहीतर स्वच्छतागृहाच्या भिंतीला टेकून स्टीलचा वॉटर कूलर उभा असतो आणि वर भिंतीवर रंगाने लिहिलेले असते, 'पिण्याचे पाणी'. विद्यार्थी, शिपाई, सफाई कामगार, पहारेकरी रोज ती पाटी वाचतात आणि पाणी पितात. वकिलाच्या नजरेने पाहिले तर ही नुसती पाटी नव्हे. ते एक विधान आहे. हे पाणी पिण्यास योग्य आहे, असे विद्यापीठ लेखी सांगत आहे. मग प्रश्न असा, की हे विधान कुणी केले? कोणत्या तपासणीच्या आधारे केले? ती तपासणी कोणत्या तारखेची? आणि विधान खोटे ठरले तर जबाबदार कोण? हे चार प्रश्न घेऊन एकदा कुलसचिवांच्या कार्यालयात जाऊन पाहा. अभियंता म्हणेल, पाणी पालिकेचे आहे. आरोग्य केंद्र म्हणेल, ते अभियंत्याचे काम. वसतिगृहाचे अधीक्षक म्हणतील, टाकी धुण्याचा ठेका दिलेला आहे. ठेकेदार म्हणेल, मला फक्त टाकी धुवायला सांगितली होती, पाणी तपासायला नाही! ज्याला सगळे मालक, त्याला कुणीच वाली नाही, अशी या पाण्याची अवस्था आहे.

काही मित्र म्हणतील, शिष्यवृत्ती रखडते, प्राध्यापकांच्या राखीव जागा भरल्या जात नाहीत, संशोधक विद्यार्थ्यांना फेलोशिपसाठी उपोषणे करावी लागतात आणि तुम्ही वॉटर कूलरवर काय लिहिता? हे सगळे प्रश्न खरे आहेत आणि त्यांवर लढलेच पाहिजे. पण आपल्या चळवळीचा पाया ज्या ठिकाणी घातला गेला, ते ठिकाण म्हणजे पाणी, हे विसरून चालणार नाही. दि. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या आणि चालवलेल्या पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत त्यानुसार तळे खुले केल्याचे कागदावर लिहिले. पण कागदावरचे पाणी तोंडात पडत नाही! म्हणून दि. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो बांधवांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. पुढे सनातन्यांनी गोमूत्र-शेणाने तळे 'शुद्ध' केले आणि कोर्टात दावा ठोकला. तो दावा दहा वर्षे चालला. दि. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की वादींना आपली रूढी अनादी काळापासूनची असल्याचे सिद्ध करता आलेले नाही.

या निकालातली एक गोष्ट कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावी. पाण्याला हात लावायचा आमचा हक्क आहे, हे सिद्ध करण्याचे ओझे कोर्टाने आमच्या डोक्यावर टाकले नाही. अडवणाऱ्याने आपला अधिकार सिद्ध करावा, असे सांगितले. आज विद्यापीठाच्या पाण्याबाबत मी तेच म्हणतो. पाणी वाईट आहे, हे विद्यार्थ्याने कावीळ होऊन सिद्ध करायचे नाही. पाणी चांगले आहे, हे पाटी लावणाऱ्याने कागदानिशी सिद्ध करायचे आहे.

चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी आपण तेथे जात आहोत, अशी भूमिका बाबासाहेबांनी मांडली होती. त्या लढ्यातून पुढे संविधानाचे अनुच्छेद १५ (२) आणि १७ आले. पाणवठ्याला हात लावण्याचा हक्क आपल्याला मिळाला. पण जरा डोळे उघडून पाहा. कुलगुरूंच्या दालनात सीलबंद बाटल्या असतात. विभागप्रमुखांच्या खोलीत वेगळे यंत्र असते. प्राध्यापक मंडळी घरून बाटली आणतात. मग जिन्याखालच्या कूलरचे पाणी कोण पितो? गावाकडून आलेला, घरातला पहिलाच पदवीधर होऊ पाहणारा मुलगा पितो. समाजकल्याणच्या वसतिगृहातली मुलगी पिते. चतुर्थ श्रेणी कर्मचारी आणि ठेक्यावरचा सफाई कामगार पितो. पाण्यावरचा विटाळ कायद्याने गेला, पण कुणी कोणते पाणी प्यायचे याची उतरंड तशीच राहिली.

आता हे पाणी इमारतीत कसे फिरते ते समजून घेऊ, कारण कारण कळल्याशिवाय उपाय कळत नाही. पालिकेच्या शुद्धीकरण केंद्रातून पाणी शुद्ध होऊन निघते, हे मान्य. पण फाटकाच्या आतला पुढचा प्रवास विद्यापीठाच्या ताब्यात असतो. आधी जमिनीखालची टाकी. तिच्या जवळूनच ड्रेनेजची लाइन गेलेली असली आणि टाकीला तडा असला किंवा झाकण तुटले असले, तर चेंबरचे आणि पावसाचे पाणी आत झिरपते. मग पंपाने पाणी गच्चीवरच्या टाकीत चढते. तिचे झाकण वाऱ्याने उडालेले असते, आत कबुतरे आणि माकडे डोकावतात. तेथून पाइपाने ते मजल्यामजल्यावर उतरते. आपल्याकडे बहुतेक शहरांत पाणी चोवीस तास येत नाही. नळ बंद असतो तेव्हा पाइपातला दाब उतरतो आणि जिथे गळती असेल तिथून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. म्हणजे धरण भरलेले आणि शुद्धीकरण केंद्र चालू असूनही शेवटच्या शंभर फुटांत पाणी नासू शकते.

पाण्यातला क्लोरीन हा त्याचा पहारेकरी. पण हा पहारेकरी कायमचा नसतो. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत इमारती बंद असतात. टाकीत, पाइपात, कूलरच्या पोटात तेच पाणी आठवडेच्या आठवडे साचून राहते. क्लोरीन संपतो आणि पाइपाच्या आतून जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. सुट्टी संपल्यावर पहिल्या दिवशी जो नळ सोडतो, त्याच्या पेल्यात हे शिळे पाणी येते. काही ठिकाणी आरओ यंत्र बसवून अधिकारी निर्धास्त होतात. पण त्या यंत्राच्या सुरुवातीलाच बसवलेला कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो. म्हणजे यंत्रातून निघून पुढच्या टाकीत साठलेल्या पाण्याला पहारेकरीच उरत नाही. फिल्टर वेळेवर बदलला नाही तर तोच जंतूंचे घर होतो. यंत्र बसवल्याचे उद्घाटन होते, फोटो छापून येतो. फिल्टर बदलल्याची तारीख मात्र यंत्रावर लिहिलेली नसते.

विज्ञान शाखेच्या इमारतीत आणखी एक धोका आहे. प्रयोगशाळेतल्या नळाला रबरी नळी जोडून तिचे टोक बेसिनमधल्या रसायनात बुडालेले राहते. गच्चीवरची टाकी रिकामी होऊन दाब उतरला, की ते पाणी उलटे पाइपात खेचले जाऊ शकते. त्याच पाइपावर पुढे कूलर असेल तर? म्हणून प्रयोगशाळेची लाइन आणि पिण्याच्या पाण्याची लाइन वेगळी ठेवणे, निदान उलटा प्रवाह अडवणारी झडप बसवणे, हे साधे शहाणपण आहे. ते शहाणपण अभियांत्रिकीच्या वर्गात शिकवले जाते आणि त्याच वर्गाच्या इमारतीत पाळले जात नाही!

पिण्याचे पाणी म्हणजे काय, हे ठरवणारे भारतीय मानक अस्तित्वात आहे. आयएस १०५०० या क्रमांकाचे हे मानक २०१२ साली सुधारले गेले. त्यानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू अजिबात सापडता कामा नये. पीएच ६.५ ते ८.५ च्या दरम्यान हवा. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतात. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर नको, शिसे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर नको. मुक्त क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. नायट्रेट आणि शिसे डोळ्यांना दिसत नाहीत, जिभेला कळत नाहीत. पाणी नितळ आहे म्हणून ते चांगले, ही समजूत खोटी आहे. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या संकुलांनी तर याची विशेष काळजी घ्यायला हवी.

आता गंमत पाहा. महाराष्ट्रातल्या खेड्यात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो, नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतो, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे अशी नोंद ठेवतो. पाण्याच्या स्रोतांचे सर्वेक्षण होते आणि धोक्यानुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. ही व्यवस्था सगळीकडे चोख चालते असे मी म्हणत नाही. पण व्यवस्था आहे, माणूस नेमलेला आहे, कार्ड आहे, सरपंचाला जाब विचारता येतो. मग हजारो माणसांची रोज ये-जा असलेल्या विद्यापीठाला लाल कार्ड कोण देणार? सातवी शिकलेला जलसुरक्षक जे करतो, ते पाण्यावर डॉक्टरेट देणाऱ्या संस्थेला का जमू नये? रसायनशास्त्र विभाग आणि सूक्ष्मजीवशास्त्र विभाग बाहेरच्या नद्यांचे नमुने तपासून शोधनिबंध लिहितात. आपल्याच जिन्याखालचा नमुना त्यांनी कधी घेतला?

ही भीती काल्पनिक नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी परिसरात गुलेन बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढत गेले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, काहींचे प्राण गेले, आणि तपासाची सुई दूषित पाण्याकडे वळली. शिक्षणाचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात हे घडले. नोव्हेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या सीहोर जिल्ह्यात एका खासगी विद्यापीठात काविळीच्या आणि खराब पाण्याच्या तक्रारींवरून मध्यरात्री विद्यार्थ्यांचा उद्रेक झाला, वाहने पेटली. जाळपोळीचे समर्थन कुणीही करणार नाही. पण तक्रारवहीत लिहिलेले कुणी वाचत असते, तर ती रात्र आली असती काय?

आतापर्यंत पाणी पिणाऱ्याविषयी बोललो. आता पाणी स्वच्छ ठेवणाऱ्याविषयी बोलू, कारण या विषयाचे दुसरे अंग तेच आहे आणि ते कायम झाकलेले राहते. विद्यापीठाच्या जमिनीखालच्या टाकीत उतरतो कोण? तो कोणत्या वस्तीतून येतो? त्याचे उत्तर या वर्तमानपत्राच्या वाचकांना सांगायची गरज नाही. दि. ९ मार्च २०२५ रोजी मुंबईच्या नागपाडा भागात एका बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत सफाईसाठी उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. ती गटाराची टाकी नव्हती. पाण्याची टाकी होती! हवेत साधारण २१ टक्के प्राणवायू असतो. तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की जागा धोक्याची समजतात. बंद टाकीत लोखंडाचा गंज आणि तळाचा कुजलेला गाळ प्राणवायू खाऊन टाकतात. पाणी उपसायला डिझेल पंप आत ठेवला तर त्याचा विषारी धूर साचतो. वास येत नाही, काही दिसत नाही, माणूस उतरतो आणि कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो.

धोका टाकीपुरता नाही. स्वच्छतागृह धुताना ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र झाले की क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत तो फुप्फुसे जाळतो. दोन्ही डबे सफाई कामगार महिलेच्या हाती दिले जातात. दोन्ही एकत्र करू नका, हे मात्र तिला कुणी सांगत नाही. हातमोजे नाहीत, बूट नाहीत, मास्क म्हणून ओढणी. खुद्द कूलरचेही तसेच. ओली फरशी, पत्र्याचे अंग आणि अर्थिंग नसलेली वायर, हा शॉकचा सापळा आहे. गळती झाल्याबरोबर वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर बसवला तर जीव वाचतो. पाणी पिण्यासाठी वाकलेला विद्यार्थी आणि कूलर पुसणारी बाई, दोघांचाही.

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम १८ मध्ये फार स्पष्ट लिहिले होते. पाण्याच्या जागेवर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत 'पिण्याचे पाणी' असे लिहावे. धुण्याची जागा, मुतारी, शौचालय, पिकदाणी, सांडपाण्याची उघडी गटारे यांपासून ती जागा सहा मीटरच्या आत नसावी. अडीचशेपेक्षा जास्त कामगार असतील तर उन्हाळ्यात पाणी थंड करून द्यावे. आपल्या विद्यापीठांनी यातली पाटी तेवढी उचलली आणि सहा मीटर सोडून दिले! अर्थात विद्यापीठ हा कारखाना नसल्याने त्यांना ते लागूही नव्हते. १९७८ मध्ये बंगलोर वॉटर सप्लाय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने शिक्षणसंस्थांनाही 'उद्योग' या व्याख्येत धरले. १९८८ मध्ये गोव्याच्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले, की शिक्षक हे 'कामगार' नाहीत. म्हणजे संस्था उद्योगात, पण शिकवणारे कामगारात नाहीत, अशी गुंतागुंत झाली.

दि. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार श्रमसंहिता अमलात आणल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने कारखाने कायद्याची जागा घेतली. तिच्या कलम २३ मध्ये पिण्यायोग्य पाणी पुरवण्याची जबाबदारी मालकावर आहे. कलम ५३ प्रमाणे ठेक्यावरच्या कामगारांना या सोयी देण्याची जबाबदारी मुख्य मालकाची आहे, ठेकेदाराची नव्हे. कलम ६ प्रमाणे प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र दिले पाहिजे. कलम १४ प्रमाणे आपल्या सुरक्षेची माहिती मागण्याचा हक्क कर्मचाऱ्याला आहे. वाचायला सगळे छान! पण ठेका कामगारांविषयीचे प्रकरण लागू होण्यासाठी १९७० च्या कायद्यात २० कामगारांची मर्यादा होती, ती संहितेत ५० झाली. शिवाय धर्मादाय आणि सामाजिक सेवेच्या संस्था 'उद्योगा'च्या व्याख्येतून वगळल्या आहेत. उद्या एखादे विद्यापीठ कोर्टात उभे राहून म्हणेल, आम्ही तर विद्यादानाचे पुण्यकर्म करतो, आम्हाला ही संहिता कशी लागू होईल? प्रवेश शुल्क घेताना धंदा आणि टाकीत माणूस मेल्यावर पुण्यकर्म, असा हा न्याय!

याहून मोठी फट दुसरीकडे आहे. २०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टाकीत माणसाला संरक्षक साधनांशिवाय उतरवणे गुन्हा ठरवले. दि. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. हा चळवळीचा मोठा विजय आहे. पण तो कायदा गटार आणि सेप्टिक टाकीविषयी बोलतो. तोच माणूस, तोच ठेकेदार, तीच शिडी आणि तोच गुदमरून आलेला मृत्यू, फक्त टाकीत मैल्याऐवजी पाणी होते, तर कुटुंबाला त्या निकालाचा आधार नाही. मग उरतो भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खालचा निष्काळजीपणाचा गुन्हा आणि नुकसानभरपाईचा अर्ज. तिथे पहिले वाक्य ठरलेले असते, 'हा आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे.' जात झाकण पाहून बदलत नाही. मग भरपाई का बदलावी? बंद टाकीतल्या प्रत्येक कामाला तेच संरक्षण आणि तीच भरपाई लागू करा, ही मागणी आता आपल्या संघटनांनी विधिमंडळात आणि संसदेत रेटली पाहिजे.

तोपर्यंत संविधान आहेच. शासनाच्या पैशावर चालणारे सार्वजनिक विद्यापीठ अनुच्छेद १२ च्या अर्थाने 'राज्य' आहे, त्याला मूलभूत हक्क बांधतात. १९९१ मध्ये सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाण्याचा उपभोग हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हाही त्याच हक्काचा भाग ठरला. पिणाऱ्याचे पाणी आणि स्वच्छ करणाऱ्याचा जीव, दोन्ही एकाच अनुच्छेदात आहेत. त्यांना वेगळे करते ती फक्त विद्यापीठाची फाइल.

येथे बाबासाहेबांच्या कार्याची एक बाजू आठवावी. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या खात्यात कामगारांचे प्रश्नही होते आणि पाणी-वीजही होती. आठवड्याला ४८ तासांच्या कामाची मर्यादा आणि दामोदर खोऱ्याची योजना, दोन्हींचे काम त्याच टेबलावरून झाले. पाणी आणि पाण्यासाठी राबणारा माणूस एकाच नजरेने पाहणारा नेता आपल्याला लाभला. त्यांच्या नावाने अध्यासने चालवणाऱ्या विद्यापीठांनी निदान एवढी एकत्र नजर ठेवायला काय हरकत आहे?

पैसा नाही, हे उत्तर मी मान्य करत नाही. कमानी, स्वागतफलक आणि दीक्षान्त समारंभाचे मंडप यांना पैसा पुरतो. क्लोरीन तपासायला एक छोटी पेटी आणि रोजची पाच मिनिटे लागतात. जंतूंची तपासणी विद्यापीठाच्याच प्रयोगशाळेत होऊ शकते. अडचण पैशाची नाही. अडचण सही करण्याची आहे! ज्या कागदावर सही होते, त्या कागदावरून जाब विचारता येतो. म्हणून सही टाळली जाते.

आपल्या मागण्या म्हणून साध्या आणि सहीच्या असल्या पाहिजेत. पहिली, प्रत्येक इमारतीच्या पाण्यासाठी एक जबाबदार अधिकारी लेखी आदेशाने नेमावा आणि त्याचे पदनाम कूलरवर लिहावे. दुसरी, क्लोरीनची नोंद रोज, जंतूंची तपासणी दरमहा आणि रासायनिक तपासणी पावसाळ्याआधी व नंतर करावी, आणि ताजा अहवाल मराठीत कूलरशेजारी लावावा. तिसरी, सुट्टीनंतर टाक्या धुऊन आणि सगळे नळ वाहते सोडून मगच इमारत उघडावी. चौथी, टाकीत माणूस उतरवण्याआधी बाहेरून यंत्राने सफाई करता येते का ते पाहावे. उतरणे अटळच असेल तर हवा तपासणे, पंख्याने ताजी हवा सोडणे, कमरेला दोर, वर दोन माणसे आणि लेखी परवाना, एवढे झाल्याशिवाय कुणालाही उतरवू नये. पाचवी, सफाई ठेक्याच्या निविदेत सुरक्षा साधने, नेमणूकपत्र आणि विमा या अटी घालाव्यात आणि त्या न पाळणाऱ्याचे बिल अडवावे. सहावी, कूलरच्या अर्थिंगची तपासणी वर्षातून दोनदा व्हावी. आणि या सगळ्यावर देखरेख करणाऱ्या समितीत विद्यार्थ्यांचा आणि सफाई कामगारांचा प्रतिनिधी असावा. कामगाराशिवाय बनलेली सुरक्षा समिती म्हणजे आजाऱ्याला न विचारता लिहिलेले औषध.

हे सगळे मागायला मोर्चाच लागतो असे नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ आपल्या हातात आहे. दहा रुपयांच्या अर्जावर मागील तीन वर्षांचे पाणी तपासणी अहवाल, टाकी सफाईच्या तारखा, ठेकेदाराचा करारनामा आणि सफाई कामगारांना दिलेल्या साधनांच्या पावत्या मागता येतात. त्या कायद्याच्या कलम २ मध्ये नुसती कागदपत्रेच नाहीत, तर साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा आणि कामाची पाहणी करण्याचाही हक्क आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे. माहितीचा संबंध माणसाच्या जिवाशी असेल तर कलम ७ प्रमाणे उत्तर ४८ तासांत द्यावे लागते. अहवाल नसेल तर 'माहिती उपलब्ध नाही' असे उत्तर येईल. ते उत्तर जपून ठेवा. जी संस्था भिंतीवर 'पिण्याचे पाणी' लिहिते आणि अर्जाच्या उत्तरात 'तपासणी उपलब्ध नाही' लिहिते, तिच्याविरुद्ध अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जायला याहून चांगला पुरावा कोणता? अधिसभेवर पदवीधरांतून निवडून गेलेले आपले प्रतिनिधी आहेत. त्यांनी पुढच्या बैठकीत हा प्रश्न विचारावा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. आपल्या संस्थांच्या महाविद्यालयांनी आणि वसतिगृहांनी तर दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी हे आपल्या घरात सुरू करावे.

महाडच्या सत्याग्रहाचे शताब्दी वर्ष २०२७ हे आहे. त्या निमित्ताने भाषणे होतील, रॅली निघतील, तळ्यावर लाखोंची गर्दी होईल. ते सगळे व्हावेच. पण प्रत्येक विद्यार्थी संघटनेने त्यासोबत आपल्या विद्यापीठातल्या एका कूलरचा नमुना तपासून घ्यावा आणि त्या इमारतीची टाकी धुणाऱ्या माणसाचे नाव, त्याचा पगार आणि त्याला मिळालेली साधने लिहून काढावीत. ओंजळीतले पाणी कुणी दिले आणि ते स्वच्छ ठेवताना कुणाचा जीव पणाला लागला, हे ज्याला माहीत आहे, त्याच्याच ओंजळीत महाडचा अर्थ शिल्लक राहील.

जय भीम!